बालाघाटच्या कडेला राहायला, कामाला आणि सुट्टीला: पाण्यापासून हुरड्यापर्यंतचा हिशोब

सोलापूर जिल्हा म्हटलं की सपाट काळं रान डोळ्यांपुढं येतं. पण बार्शीहून पांगरीकडं निघालात की रस्ता हळूहळू चढायला लागतो आणि समोर बालाघाट डोंगररांगेची कड उभी राहते. येडशीचा रामलिंग घाट, खाली तुळजापूरचा घाट आणि या दोन्हींच्या मधली मुरमाड, झुडपी गावं, असा हा पट्टा आहे. सोलापूर शहरापासून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर आणि बार्शी ७० किलोमीटर. म्हणजे शनिवार-रविवारी जाऊन येण्यासारखं आणि घरून काम करणाऱ्याला कायमचं राहण्यासारखंही अंतर.

एक गैरसमज आधीच दूर करू. हे थंड हवेचं ठिकाण नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, घाटमाथा साडेसहाशेच्या. दोनशे मीटर चढून गेल्यानं पारा जेमतेम सव्वा-दीड अंश उतरतो. मे महिन्यात शहरात ४३ असेल तर वर साडेएक्केचाळीस. फरक पडतो तो वाऱ्यामुळं, संध्याकाळनंतर. इथं राहणं जमेल की नाही हे हवेवर ठरत नाही, पाण्यावर ठरतं. छप्पर कसलं घालायचं, कूलर लावायचा का, शेळ्या किती पाळायच्या, पाहुणे कधी बोलवायचे, हे सगळं पाण्याच्या हिशोबातूनच निघतं. म्हणून या लेखात पाण्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

जागा मे महिन्यात बघायची

जुलै ते ऑक्टोबर हा सगळा पट्टा हिरवागार असतो. ओढे वाहतात, रामलिंगला धबधबा पडतो आणि नेमके त्याच दिवसांत जागेचे सौदे ठरतात. तसं करू नका. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा आणि त्या गावात किमान दोन रात्री काढा. तेवढ्यात पुढच्या गोष्टी तपासून होतात.

विहिरीत पाणी कितीवर आहे ते दोरीला दगड बांधून मोजा. मग मालकाला मोटर लावून पाणी उपसायला सांगा आणि उपसलेलं पाणी पुन्हा चढायला किती तास लागतात ते बघा. रात्रभरात तीन-चार फूट चढलं तर घरापुरती विहीर चांगली. दोन दिवसांनीही तळ दिसत असेल तर ती विहीर पावसाळ्यापुरतीच आहे असं समजा.

बोअर असेल तर २०० लिटरचं बॅरल नळीखाली धरा आणि घड्याळ लावा. चार मिनिटांत भरलं तर तासाला ३००० लिटर. पण एवढ्यावर भुलू नका, मोटर दोन-तीन तास सलग चालू ठेवा. बेसाल्टच्या खडकात पाणी भेगांत आणि वरच्या सच्छिद्र थरांत साठलेलं असतं. पहिला अर्धा तास जोरात येतं, भेग रिकामी झाली की नळी हवा मारायला लागते. ज्या मिनिटाला हवा मारली तो आकडा लिहून ठेवा, बोअरची खरी ताकद तीच.

पाणी कुठून येतं हे सरपंचाला विचारा, पण त्याआधी हंडा घेऊन जाणाऱ्या बायकांना विचारा. नळाला किती दिवसाआड पाणी येतं, टँकर कोणत्या महिन्यापासून लागतो, कोणत्या विहिरीचं पाणी खारट लागतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगत नाही. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड या तीन आकड्यांवर लक्ष ठेवा.

ऑगस्टमध्ये दुसरी चक्कर मारा, ती फक्त रस्त्यासाठी. माथ्यावरचा मुरूम पावसात टिकतो. घाटाखालची काळी माती टिकत नाही, दुचाकीच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाकच अडकतं. घरापर्यंत मुरमाचा रस्ता नसेल तर पावसाळ्यातले कितीतरी दिवस तुम्ही घरातच अडकून पडाल.

वर्षभर भाड्यानं राहा, मग कागद

घर भाड्यानं घेताना ११ महिन्यांचा करारसुद्धा महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. गावात 'कशाला कागद, आपलीच माणसं आहेत' असं म्हणतील. तरी नोंदवा. सगळे ऋतू त्या घरात काढल्याशिवाय जमीन घेऊ नका असं आमचं ठाम मत आहे.

जमीन घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न असा की तुम्ही कायद्यानं शेतकरी आहात का. नसाल तर परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. या पट्ट्यात एक गुंता आहे. बार्शी तालुका जुन्या मुंबई इलाख्यातला, म्हणून तिथं १९४८ चा कूळवहिवाट कायदा. घाट ओलांडून धाराशिव जिल्ह्यात गेलात की जुनी निजामी हद्द, आणि तिथं १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा. दोन्ही बाजूंची जमीन बघत असाल तर वकील दोन्ही कायदे जाणणारा हवा.

सातबारा काढलात की थेट 'इतर हक्क' या रकान्यावर या. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, बहिणींची वारस नोंद, सगळं तिथं असतं. भोगवटादार वर्ग २ दिसला तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. इनाम, देवस्थान, गायरान असं काही दिसलं तर त्या जमिनीचा नाद सोडा. फेरफार किमान तीस वर्षांचे बघा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ च्या अधिसूचनेनं जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे ठरवलं आहे. पाच-पाच गुंठ्यांचे 'फार्महाउस प्लॉट' पाडून विकणारे भेटतील, त्यांच्याकडून अकृषिक परवाना आणि मंजूर रेखांकन हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. येडशी रामलिंग घाट हे वन्यजीव अभयारण्य आहे. त्याच्या आसपास जमीन असेल तर बांधकामाबद्दल वन खात्याकडून लेखी उत्तर घ्या.

रस्ता कागदावर आहे का तेही बघा. शेजाऱ्याच्या बांधावरून 'पहिल्यापासून जातोय' हा रस्ता नव्हे. गाव नकाशात पाणंद किंवा शिवरस्ता दिसला पाहिजे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं जाता येतं, आणि नवा रस्ता जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली मागता येतो. पण दोन्हींत वर्षं जातात. आधी रस्ता, मग सौदा.

पाण्याचा हिशोब

बार्शी तालुक्यानं २०२३ साली दुष्काळ बघितला, तेव्हा राज्यानं जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत तो होता. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. म्हणून टाकी दुष्काळाच्या मापानं बांधायची आणि पन्हाळी अतिवृष्टीच्या मापानं.

चार माणसांचं घर धरा. काटकसरीनं माणशी ७० लिटर, म्हणजे दिवसाला २८०. विहिरी साधारण जानेवारीअखेर खोल जातात आणि मृगाचा पाऊस जूनच्या मध्याशिवाय भरवशाचा नसतो. १ फेब्रुवारी ते १५ जून हे १३५ दिवस. २८० गुणिले १३५, म्हणजे जवळपास ३८ हजार लिटर. तुमची खरी गरज एवढी आहे.

आता छप्पर किती देतं ते बघू. १००० चौरस फूट छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि सांडलवंड वजा करून ८० टक्के हाती लागलं तर ९३ × ६०० × ०.८, म्हणजे ४४ हजार लिटरच्या वर. गरज भागते. पाऊस निम्मा झाला तर २२ हजार, आणि ते ७९ दिवस पुरतं, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. उरलेल्या आठ आठवड्यांसाठी टँकर. हे आधीच माहीत असलं की घाबरायला होत नाही.

टाकी जमिनीखाली बांधली तर १२ फूट लांब, १० फूट रुंद, ११ फूट खोल एवढी लागते. माथ्यावर बऱ्याच ठिकाणी चार-पाच फुटांवर काळा पाषाण लागतो. तिथं सुरुंग लावत बसू नका, अर्धी खाली अर्धी वर करा. टाकी रस्त्यापेक्षा खालच्या अंगाला आणि रस्त्यापासून ३० फुटांच्या आत हवी, म्हणजे ट्रॅक्टरचा ५००० लिटरचा टँकर पंपाशिवाय नळी टाकून रिकामा होतो. टाकी चढावर बांधली तर टँकरवाला एकदा येतो आणि पुन्हा फोन उचलत नाही.

जोडणीचा क्रम असा. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या कडेला सहा इंची पन्हाळी, दर दहा फुटांना सव्वा इंच उतार. उतार कमी पडला की पन्हाळीत पाला कुजतो आणि डास होतात. एवढ्या छपराला ११० मिलिमीटरचे दोन पाइप खाली उतरवा. एकानं भागतं, पण त्यात चिमणीचं घरटं अडकलं तर पाणी भिंतीवर येतं. पाइपाच्या वाटेत टी जोडून २०० लिटरचं बॅरल ठेवा. पहिल्या दोन मिलिमीटर पावसात छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण धुऊन येते, आणि ९३ चौरस मीटरवर ते पाणी १८६ लिटर होतं, म्हणून २०० चं बॅरल. बॅरलच्या तळाला बारीक तोटी लावून थेंबथेंब गळती ठेवा, म्हणजे दोन पावसांच्या मध्ये ते आपोआप रिकामं होतं. ही तोटी गाळानं तुंबते आणि बॅरल भरलेलंच राहतं. मग पुढची सगळी घाण थेट टाकीत जाते. या व्यवस्थेत सगळ्यात जास्त बिघडणारी जागा हीच आहे. पंधरा दिवसांनी एकदा तोटी काढून काडी घाला.

त्यापुढं गाळणी. खाली मोठी खडी, मध्ये बारीक खडी, वर धुतलेली वाळू, प्रत्येकी सात-आठ इंच. वाळूवर नायलॉनची जाळी. टाकीला उजेड अजिबात लागू देऊ नका, शेवाळ उजेडानं धरतं. हवेच्या पाइपाला डासांची जाळी लावा.

ऑक्टोबरअखेर भरलेली टाकी जानेवारीअखेरपर्यंत उघडायची नाही, तोवर विहीर आणि बोअर वापरा. उघडल्यावर ब्लीचिंग पावडर टाका, १००० लिटरला ताजी, चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम. आधी बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी तेवढं टाकीत ओता आणि तळाचा चुना बाहेर फेका. तासाभरानं पाणी वापरायला हरकत नाही. उघड्या पुड्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते, ती टाकून उपयोग नाही.

टाकी भरून वाहणारं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला वळवा. बोअरभोवती सहा फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. केसिंगला, म्हणजे बोअरमधल्या पाइपाला, खालच्या भागात बोटभर जाडीपेक्षा लहान भोकं पाडा आणि त्यावर नायलॉन जाळीचे दोन-तीन वेढे गुंडाळा. मग तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू. शेतातलं गढूळ पाणी यात कधीही सोडू नका, भेगा एकदा गाळानं बुजल्या की बोअर मेलं. नवं बोअर पाडण्याआधी लक्षात ठेवा की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय पाडता येत नाही.

घर: माळवद ठेवायचं की काढायचं

या भागातल्या जुन्या घरांना माळवद असतं. दगडाच्या दोन-अडीच फुटी भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काड्यांचा थर, पाला किंवा चिपाड, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. उन्हाळ्यात भर दुपारी अशा घरात शिरलं की खरंच जीव सुखावतो. पत्र्याच्या घरात ती सोय नाही.

पण माळवदाचे दोन प्रश्न आहेत, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला, वजन. एक फूट जाड माती चौरस मीटरला जवळपास अर्धा टन भरते. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर पाच टनांच्या वर, तेही कोरडी असताना. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची रीत आहे, पण जुनी खरवडून न काढता टाकत गेलं की वीस-तीस वर्षांत थर दीड-दोन फुटांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिवकडं हजारो माणसं गेली, ती अशाच जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. ते गाव इथून फार लांब नाही.

म्हणून जुनं घर घेताना हा क्रम ठेवा. आधी दाभण घेऊन प्रत्येक तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाला टोचा. दाभण सहज आत गेलं तर वाळवी किंवा कूज आहे आणि ती तुळई बदलायलाच हवी. मग छपराला एके ठिकाणी भोक पाडून मातीचा थर मोजा. आठ इंचांपेक्षा जास्त माती असेल तर उतरवा. उतरवताना दोन्ही अंगांनी सारखी उतरवा, एकीकडची सगळी काढली तर भिंत कलते. मग भिंती. बाहेरचा आणि आतला दगडी पडदा वेगवेगळा असतो, मध्ये नुसता भराव. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नसतील तर भोकं पाडून सळईसह काँक्रीटचे बंध घाला, उंचीत दर दोन फुटांना आणि लांबीत दर चार फुटांना. दारा-खिडक्यांच्या वर घराला चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा द्या. हे काम जाणत्या स्थापत्य अभियंत्याच्या देखरेखीखालीच करून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

दुसरा प्रश्न पाण्याचा. माळवदावरचं पाणी मातकट येतं, ते टाकीत घेता येत नाही. आमचा सल्ला असा की राहती खोली माळवदाची ठेवा, आणि स्वयंपाकघर, ओसरी, गोठा यांवर पत्रा टाकून तेवढं छप्पर पाण्यासाठी वापरा. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात दरवर्षी मार्चमध्ये द्या, आतली धग चांगलीच कमी होते. पण त्या पत्र्याचं पाणी धरायचं असेल तर पहिला एक पाऊस पूर्ण वाहून जाऊ द्या.

कूलरबद्दल दोन शब्द. मोठा कूलर दिवसाला ४०-५० लिटर पाणी घेतो. मार्च ते मे ९० दिवसांत ४००० लिटर, म्हणजे एक टँकर जवळपास त्यालाच. माळवदाची खोली असेल तर त्याशिवाय भागतं.

वीज, नेट आणि कामाचे तास

घर गावठाणात आहे की रानात, यावर विजेचं सगळं गणित फिरतं. गावठाणाची लाईन वेगळी असते. रानातल्या घराला शेतीपंपाच्या लाईनीवरून जोडणी मिळाली तर तीन फेज पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की दाब पडतो. संध्याकाळी मल्टिमीटर लावून बघा. १८० व्होल्टच्या खाली जात असेल तर फ्रिजला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय चालू करू नका.

घरून काम करणाऱ्याचा किमान भार असा: लॅपटॉप ६० वॉट, राउटर १२, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे दोन मिळून ६०, चार एलईडी दिवे ३६. एकूण १६८ वॉट. १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते. पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, आणि इन्व्हर्टरमध्येही थोडं जातं. हाती येतात ८०० वॉट-तास, म्हणजे पाच तासांना थोडे कमीच. आठ तासांच्या कामासाठी दोन बॅटऱ्या लागतात.

सौर पॅनेल एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट देतं. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण इथं बरेच जण फसतात. लाईनीला जोडलेली साधी सौर यंत्रणा लाईन गेली की आपोआप बंद पडते, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाईन गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर मागा, आणि कोटेशनवर तसं लिहून घ्या.

अर्थिंग नीट नसेल तर एप्रिल-मेच्या वळवात सगळं जळतं. उघड्या माथ्यावरचं घर विजेला सोपं सापडतं. मीटरला सर्ज प्रोटेक्टर बसवा, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली सांडपाणी ओता, आणि फोनवर वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी अॅप ठेवा.

नेटसाठी जागा बघतानाच दोन कंपन्यांची सिम घेऊन फिरा. घरात, ओसरीत, गच्चीवर, आणि रात्री आठ ते दहामध्ये वेग मोजा, कारण त्या वेळेला सगळं गाव फोनवर असतं. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस स्थिर मिळाले तरी पुरे. डोंगराच्या आडोशाला घर असेल तर बाहेर अँटेना लावायचा फोरजी राउटर दहा-बारा फुटी पाइपावर चढवा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं असेल तर तिथून जोडणी मिळते का विचारा. लाईन चार-पाच तास गेली की टॉवरची बॅटरीही उतरते आणि तुमची वीज चालू असून नेट जातं. महत्त्वाची मीटिंग असेल त्या दिवशी तालुक्याला बसायची पर्यायी जागा हेरून ठेवा. उन्हाळ्यात सकाळी सहा ते अकरा आणि पुन्हा चारनंतर असे कामाचे तास ठेवता आले तर उत्तम.

साप, विंचू, बिबट्या

नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं, चारही विषारी साप या भागात आहेत. फुरसं दगडाखाली, मण्यार रात्री घरात. मण्यारचा दंश दुखत नाही, झोपेत कळतही नाही. पहाटे उठल्यावर पोटात कळा, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलणं अडखळलं, तर दंशाची खूण दिसो न दिसो, ताबडतोब दवाखाना गाठायचा. जमिनीवर झोपू नका. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली.

साप चावला तर: अंगठी, बांगडी, पैंजण काढा. पायाला किंवा हाताला फळी बांधून तो हलणार नाही असं करा. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, मंदिरात नेऊ नका. वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यातच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा की सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का. सोलापूरचं सिव्हिल दूर आहे, पण तिथवरचा रस्ता आणि वेळ माहीत हवी. लाल विंचू चावून घाम, उलट्या, हातपाय गार असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. त्यावर प्राझोसिन हे औषध आहे आणि ते डॉक्टरच देतात.

बिबट्या या डोंगरात असतो. २०२४ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला एक वाघही येडशीच्या जंगलात दिसला होता. शेळ्या-वासरं रात्री वरून जाळी असलेल्या बंद गोठ्यात हवीत, नुसतं कुंपण पुरत नाही. जनावर मारलं गेलं तर वन खात्याला लगेच कळवा आणि पंचनामा होईपर्यंत ते हलवू नका, नाहीतर भरपाई अडते.

उत्पन्न

डोंगरमाथ्याच्या हलक्या रानाला सीताफळ जमतं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेला एनएमके-१ हा वाण आता देशभर लावतात. साधी लागवड ५ बाय ५ मीटरवर केली तर एकरी १६० झाडं बसतात. पाऊस सुरू झाल्यावर, जुलैत लावा. उन्हाळ्यात मोठ्या झाडांना पाण्याची गरज नसते, ती पानं गाळून ताणावर राहतात, आणि म्हणूनच हे पीक इथलं आहे. अडचण विक्रीची. फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकून जातं. गिऱ्हाईक आधी ठरवा, मग झाडं वाढवा.

शेळी उस्मानाबादीच पाळा, ती इथल्या झुडपांवर जगते आणि बऱ्याचदा जुळी देते. एका शेळीला १० ते १२ चौरस फूट जागा आणि उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा लिटर पाणी. दहा शेळ्या म्हणजे १३५ दिवसांत सात-आठ हजार लिटर, तेही वरच्या ३८ हजारांत धरलेलं नाही.

पाहुणे

पाहुण्यांचा हंगाम मध्य-जुलै ते जानेवारीअखेर. मार्च ते जून पाहुणे घेऊ नका. आठ माणसं दोन दिवस राहिली तर माणशी १०० लिटर धरून १६०० लिटर जातात. पैसे घेऊन ठेवायचे असतील तर पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करा. शेतकऱ्यांसाठी २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे.

पावसाळ्यात पाहुण्यांना रामलिंगचा धबधबा दाखवता येतो, पण श्रावणी सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-बुधवार सांगा. पुढं कुंथलगिरीला डोंगरावरची जैन मंदिरं बघून पेढे घेऊन यायचं. नळदुर्गचा किल्ला वेगळा दिवस काढूनच बघावा.

खरी कमाई हुरड्याची. ज्वारी मात्र माथ्याच्या मुरमाड रानात पेरू नका, तिथं ओल पुरत नाही आणि कणसं भरत नाहीत. पायथ्याच्या काळ्या रानात वाटेकरी धरा. राहुरी कृषी विद्यापीठाचे 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे खास हुरड्याचे वाण आहेत. पेरणीनंतर ९० ते १०० दिवसांनी कणीस हुरड्यावर येतं आणि ती अवस्था आठवडा-दहा दिवसच टिकते. सगळं एकदम पेरलं तर दोन शनिवार-रविवारांत हंगाम संपतो. म्हणून तीन तुकडे करा: १५ सप्टेंबर, २५ सप्टेंबर, ५ ऑक्टोबर. मग मध्य-डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हुरडा चालतो. सगळ्यात आधी भरलेल्या तुकड्यावर पाखरं तुटून पडतात, तिथं सकाळ-संध्याकाळ राखण लागते.

कणसं आदल्या दिवशी तोडून ठेवू नका, दाण्यातली गोडी जाते. आगटी फूटभर खोल खणा, गोवऱ्या पाहुणे येण्याच्या तासभर आधी पेटवा. धूर संपून नुसता विस्तव राहिला की कणसं खुपसा. ज्वाळेत भाजलं तर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. हातात चोळायचं काम गावातल्या जाणत्या बायकांना द्या आणि त्यांची मजुरी चोख द्या, कारण गरम कणीस चोळून तूस उडवणं प्रत्येकाला जमत नाही. सोबत शेंगाची चटणी, दही, गूळ, भरीत आणि कडक भाकरी.

वेळा अमावस्येला, म्हणजे येळवशीला, कामाला कुणीही मिळणार नाही. सगळे आपापल्या रानात आंबील-भज्जी घेऊन पूजेला जातात. त्या दिवशी पाहुण्यांची नोंदणी घेऊ नका, गावातून तुम्हालाच बोलावणं येईल. आणि कोजागिरीच्या आसपास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरतो, वाहनांना बंदही होतो. त्या दिवसांत सोलापूरहून येणाऱ्यांना वैराग-बार्शीमार्गे यायला सांगा, आणि निघण्याआधी वाहतूक पोलिसांची त्या वर्षीची सूचना बघायला सांगा.